अस्तरातली सुई

ब्लांदीन पेराशोंकडे बारीक रफूच्या सात सुया होत्या. रविवारी सकाळी तिने मोजल्या तेव्हा त्या सहाच भरल्या.

तिने पुन्हा मोजल्या. सुया खोचून ठेवायची लाल फ्लॅनेलची वही उलटी करून झटकली, दिवा जवळ ओढला आणि नालेच्या आकाराचं लोहचुंबक घेऊन ती गुडघ्यांवर बसली. दुकान कसलं, चार ढांगांची जागा. फरशीवरून चुंबक फिरवलं तर त्याला दोन टाचण्या लागल्या, एक हुक लागला, कुणाच्या तरी बुटाचा खिळा लागला. सुई नाही.

"चर्चमध्ये कधी गुडघे टेकत नाहीस ते," आतल्या खोलीतून तिची थोरली बहीण फिलोमेन म्हणाली. कॉफीचा वाडगा दोन्ही हातांत धरून ती दारात येऊन उभी राहिली होती. "आज फरशीपुढे बरे टेकलेस."

"सुई हरवलीय."

"मग दुसरी घे. लिऑनमध्ये सुयांचा दुष्काळ पडलाय का?"

 ब्लांदीन तशीच टाचांवर बसून राहिली. आदल्या संध्याकाळी शेवटचं काय शिवलं ते तिला आठवलं होतं.

शेवटचा होता मस्यू रव्हॉल यांचा कोट. गडद निळा, दोन ओळी बटणांचा, लढाईनंतर लगेच शिवलेला. कापड असं की आता तसं गिरणीत निघत नाही. डाव्या छातीवर कसरीने मटाराएवढं भोक पाडलं होतं. ब्लांदीनने अस्तर उसवून आतल्या दुमडीतून त्याच कापडाचे धागे उपसले होते आणि ते भिंगाखाली एकेक करून उभे-आडवे विणून भोक बुजवलं होतं. तिचं काम एवढंच होतं आणि ते सव्वीस वर्षं चाललं होतं: सिगारेटने जळलेलं, कसरीने खाल्लेलं, खिळ्याला अडकून फाटलेलं कापड असं भरून काढायचं की मालकालाही जागा सापडू नये. जागा दिसली तर ते रफू नव्हे, ठिगळ.

मस्यू रव्हॉल सात वाजता येणार होते ते सहाला आले. अस्तर काखेपाशी बोटभर उघडं होतं. "दोन मिनिटं," असं म्हणून ती शिवायला बसली, तेवढ्यात फिलोमेनचं दूध उतू गेलं, ओरडा झाला, ती आत पळाली. परत आल्यावर तिने कोटाची घडी घातली, कागदात गुंडाळला आणि दोरी बांधली.

सुई तिने कुठे खोचली होती? अस्तरात. नेहमी ती अस्तरातच खोचत असे.

"उद्या दुपारी 'ले तियेल'मध्ये जेवायला जातोय आम्ही," कागदाचं पुडकं काखेत धरत ते म्हणाले होते. "खिडकीजवळचं टेबल घेतलंय. एक्केचाळीस वर्षं झाली लग्नाला. तुमच्यामुळे माणसांत बसता येईल, मादाम."

"एकदा घालून बघा ना," ती म्हणाली होती.

"तुमचं काम काय बघायचं?"

फिलोमेनने सगळं ऐकून घेतलं आणि कॉफीचा घोट घेतला. "टोचेल थोडी. मग काढतील. माणूस सुईने मरत नाही."

पण ब्लांदीन ज्यांच्याकडे काम शिकली त्या म्हाताऱ्या बाईंनी तिला पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगितली होती. एका गिऱ्हाइणीच्या झग्यात सुई राहिली, बाई खुर्चीत टेकून बसली, सुई मोडली आणि अर्धी आत गेली. पुढे ती बाईच्या अंगात फिरत राहिली. कधी खांद्यात दुखे, कधी बरगडीत. गोष्ट खरी की खोटी कोण जाणे, पण त्या दिवसापासून ब्लांदीन रोज संध्याकाळी सुया मोजत आली होती. काल मात्र दुधाच्या भानगडीत राहून गेलं होतं. आणि कोटाची ती बाजू डावी होती. काखेखाली, अगदी हृदयाच्या बाजूला.

गिऱ्हाइकांच्या वहीत रव्हॉल यांचं नुसतं नाव होतं, पत्ता नव्हता. सव्वाअकरा झाले होते.

"तुझी काळी टोपी दे," ती बहिणीला म्हणाली.

"माझी? मिरवायला?"

"दे म्हणते ना!"

क्रुआ-रूसच्या उतारावरच्या पायऱ्या ती अशा उतरली की वाटेत दोनदा कठड्याला धरावं लागलं. वर घंटा वाजत होत्या, लोक प्रार्थना आटपून बाहेर पडत होते, बायकांच्या हातात दोरी बांधलेले केकचे खोके होते. ती मनात वाक्य जुळवत होती. दारातच गाठायचं. "मस्यू, क्षमा करा, आत जायच्या आधी एक मिनिट." कोपऱ्यात न्यायचं, हात घालायचा, सुई काढायची. संपलं.

'ले तियेल' तिला बाहेरून चांगलं ठाऊक होतं. रविवारी दोघी बहिणी सोन नदीच्या काठाने फिरायला जात तेव्हा ब्लांदीन मुद्दाम त्या खिडक्यांपाशी चाल मंद करत असे. आतली माणसं बघायची ही तिची एकुलती एक चैन. मांडीवर ठेवलेले हातमोजे, मानेला न चिकटता नीट बसलेली कॉलर, बायको खुर्चीवर बसेपर्यंत उभा राहणारा नवरा. एखाद्याच्या खांद्याची शिलाई इतकी सुरेख बसलेली असे की ती आठवडाभर त्या खांद्यावर खूश असे. "काय बघतेस एवढं? तुझ्या ताटात पडणार आहे का?" असं फिलोमेन दर खेपेला विचारायची. जेवणाकडे ब्लांदीनचं लक्षच नसायचं.

ती पोचली तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि खिडकीजवळच्या टेबलावर मस्यू रव्हॉल बसलेले होते. निळा कोट अंगावर, दोन्ही ओळींची बटणं लावलेली.

दारात मुख्य वेटर गास्पार उभा होता. त्याने तिची टोपी बघितली, करडा कोट बघितला, बुटांवर नजर टाकून ती पुन्हा वर आणली.

"आपलं टेबल राखून ठेवलंय का, मादाम?"

तिचं जुळवलेलं वाक्य तर मस्यूंसाठी होतं. काय सांगणार होती ती ह्याला? तुमच्या त्या गिऱ्हाइकाच्या कोटात माझी सुई आहे? म्हणजे कोट रफूचा आहे, हे साऱ्या खोलीला कळणार. त्या माणसाने तिला काम दिलं होतं तेच कुणाला कळू नये म्हणून.

"नाही," ती म्हणाली. "एकटीच आहे. कुठेही चालेल."

गास्पारने क्षणभर विचार केला आणि तिला आत, स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या छोट्या टेबलाशी नेलं. ती बसली. समोर पांढराशुभ्र टेबलक्लॉथ, इस्त्रीच्या घड्या अजून त्यावर उमटलेल्या. तिने काहीतरी मागवलं. काय ते तिचं तिलाच कळलं नाही.

मग तिने मान वर केली आणि इतकी घाबरलेली असूनही तिचे डोळे भरून पावले.

काचेपलीकडून इतकी वर्षं तिला अर्धीच माणसं दिसली होती. आता ती सगळी दिसत होती, आवाजासकट. काट्या-सुऱ्यांचा नाजूक नाद, हळू आवाजातलं बोलणं, कुठेही खुर्ची सरकवल्याची करकर नाही. मधल्या टेबलावर राखी सुटातले तीन भाऊ असावेत, तिघांच्या बाहीतून शर्टाची कड सारखीच बोटभर बाहेर. एका म्हातारीने जाळीची टोपी घातली होती आणि जाळी न हलवता ती सूप पीत होती. हे जन्मभराच्या सवयीशिवाय जमत नाही. आणि सगळ्यांत देखणं होतं ते खिडकीतलं टेबल. मादाम रव्हॉल जांभळट रंगाच्या साध्या पोशाखात, गळ्याशी एक पिन, बाकी काही नाही. मस्यू रव्हॉल पाठ खुर्चीला न टेकता ताठ, चमचा उचलत होते तोही घाई न करता. नदीवरचा उजेड सरळ त्यांच्या डाव्या छातीवर पडला होता. ब्लांदीनने डोळे बारीक करून शोधलं. भोक कुठे होतं ते तिलाही सापडेना.

तेवढ्यात त्यांनी पावाला हात पुढे केला, आणि हात मध्येच थांबला.

फार नाही, एक श्वासभर. मग पाव उचलला, मोडला, बायकोकडे बघून हसले. पण ब्लांदीनने पाहिलं होतं. तिने स्वतःचा डावा दंड अंगाशी घट्ट धरला, जणू तिलाच टोचलं होतं. ते ताठ बसले होते ते वळणामुळे की सुईमुळे? वाकले तर घुसेल. मागे टेकले तर मोडेल. बायकोने प्रेमाने दंडाला हात लावला तर?

मादाम रव्हॉलने हात पुढे केलाच. तिने नुसतं मीठ उचललं.

 ब्लांदीनने पर्समधून औषधवाल्याची एक चिठ्ठी काढली आणि तिच्या मागे पेन्सिलीने लिहिलं: "मस्यू, कृपा करून ताबडतोब कोट-टोप्यांच्या खोलीत या. ब्लां. पे." गास्पार जवळून जात होता, त्याला तिने ती दिली.

"खिडकीतल्या मस्यूंना? त्यांच्या पत्नीसमोर?" गास्पारची भुवई वर गेली.

"हो."

"आज त्यांच्या लग्नाचा वाढदिवस आहे, मादाम."

"ठाऊक आहे मला! द्या हो लवकर!"

चिठ्ठी गेली. त्यांनी ती वाचली, चष्मा लावून पुन्हा वाचली आणि सरळ बायकोच्या हातात दिली. मादाम रव्हॉलने वाचली. मग दोघांनी मिळून खोलीभर बघायला सुरुवात केली, टेबलामागून टेबल, आणि शेवटी दोघांची नजर स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थांबली. तिथे एक बाई बहिणीची टोपी घालून लालबुंद बसली होती. ब्लांदीनला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. ती उठली आणि मान खाली घालून त्या खोलीकडे चालू लागली.

ओव्हरकोटांच्या रांगांमध्ये नॅप्थलीनचा वास होता. मस्यू रव्हॉल दोन मिनिटांनी आले, सावकाश, एक हात भिंतीला धरून.

"मादाम पेराशों! तुम्ही? मी म्हटलं, ह्या वयात मला कोण चिठ्ठ्या पाठवतंय!"

"मस्यू, हलू नका. हात वर करू नका. तुमच्या कोटात माझी सुई राहिलीय. डाव्या बाजूला, काखेखाली. माझी चूक आहे, सगळी माझी चूक आहे—"

ते तिच्याकडे बघत राहिले. चेहरा पांढरा होता तो हळूहळू विरघळल्यासारखा झाला.

"सुई?" ते म्हणाले. "टोचते ती सुई?"

"हो, मस्यू."

"श्वास घेतला की टोचते?"

"अस्तरातून येत असेल. फार लागलं का?"

ते तिथल्या स्टुलावर बसले. हसायला लागले, पण हसणं नीट येईना, मध्येच डोळे पुसायला लागले. "मला वाटलं, हृदय," ते हळू आवाजात म्हणाले. "सूप आल्यापासून मला वाटतंय की हे हृदय. माझे वडील असेच गेले, जेवताना. मी म्हटलं, निदान क्लोतिल्दचं जेवण होऊ दे. मासा तरी खाऊ दे तिला. तिच्याशी बोलत होतो, हसत होतो, आणि मनात मोजत होतो, आता पुढचा श्वास, आता त्याच्या पुढचा." त्यांनी तिचा हात धरला. "तिला सांगू नका हं. शपथ घ्या."

"नाही सांगणार. आधी कोट काढा."

इथे ते अडले. दाराकडे बघितलं. "तसाच शोधता नाही येणार?"

"मोडेल, मस्यू."

त्यांनी बटणं सोडली. तिने कॉलरपाशी धरून कोट अलगद मागे घेतला, आणि तिला दिसलं. शर्टाची कॉलर नवी, बाह्यांचे कफ नवे, समोरचा भाग पांढरा स्वच्छ. आणि पाठ, पूर्ण पाठ, पडद्याच्या कापडाची होती. पिवळ्या जमिनीवर हिरवी पानं. जुन्या शर्टाची पाठ कापून तिचे कॉलर-कफ केले की पाठीला दुसरं काहीतरी लावावंच लागतं. ब्लांदीनने स्वतः असे कितीतरी शर्ट केले होते. ती कोटाचं अस्तर चाचपायला लागली.

"हे अजून कुणी पाहिलेलं नाही," मस्यू रव्हॉल भिंतीकडे बघत म्हणाले.

सुई सापडली. अस्तरातून निम्मी बाहेर आली होती, मागे दोरा तसाच. शर्टावर बरगडीपाशी रक्ताचा टिपका होता, मिरीएवढा. सुई अखंड होती. ब्लांदीनने ती बोटांत धरली, टोक बघितलं, पुन्हा बघितलं.

"अँतेल्म!"

मादाम रव्हॉल दारात उभी होती. तिने नवऱ्याची हिरव्या पानांची पाठ पाहिली, हातात त्याचा कोट धरलेली अनोळखी बाई पाहिली.

"ह्या माझा कोट दुरुस्त करणाऱ्या मादाम," ते घाईघाईने म्हणाले. "सुई राहिली होती. थोडी टोचली, बाकी काही नाही."

"सुई राहिली होती!" ती आत आली आणि तिने दार लावून घेतलं. आवाज चढवला नाही, पण त्याला धार होती. "आणि मोडली असती तर? तुम्ही रोज मोजत नाही का?"

"मोजते, मादाम. काल राहिलं."

"काल राहिलं!" तिने रक्ताचा टिपका बघितला, रुमालाचं टोक ओलं करून तो पुसला. मग मान न वळवता विचारलं, "पाठ पाहिलीत?"

"पाहिली."

"मी शिवलीय."

"टाके सारखे आहेत, मादाम. खांद्यापाशी गोलाई सुरेख घेतलीय. पडद्याचं कापड तिथे फार त्रास देतं."

"त्रास म्हणजे काय! तीनदा उसवलं मी ते," मादाम रव्हॉल म्हणाली, आणि एवढं बोलून तिचा राग थोडा खाली उतरला. "आता ते उघडं अस्तर कोण बंद करणार?"

ब्लांदीनने उभ्याउभ्याच बंद केलं. मादाम रव्हॉलने कोट दिव्याखाली ताणून धरला, मस्यू रव्हॉल ओव्हरकोटांच्या आड लपून राहिले, आणि कुणी दार ढकललं तेव्हा मादाम रव्हॉलने पाठ लावून ते दाबून धरलं. शेवटचा टाका थोडा तिरका पडला. तो ब्लांदीनने उसवून पुन्हा घातला.

कोट चढवून झाल्यावर नवरा-बायको बाहेर गेली, हातात हात घालून, दिव्याखालून जाताना अशी सावकाश की मधल्या टेबलावरच्या भावांपैकी एकाने अर्धवट उठून मान लववली. ब्लांदीनचा बेत तसाच निघून जायचा होता, पण गास्पार तिच्या टेबलाशी उभा होता आणि टेबलावर वाफाळलेली क्नेल होती, माशाचे मऊ गोळे, लालसर दाट रश्शात. ते तिनेच मागवलं होतं म्हणे. ती बसली. तिने काटा उचलला.

खिडकीत मस्यू रव्हॉल आता भुकेल्या माणसासारखे जेवत होते. त्यांनी कोंबडी संपवली, रश्शाला पाव लावला, चीज मागवलं. मादाम रव्हॉल कमी जेवत होती. ती मधूनमधून नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघे, मग नदीकडे. ब्लांदीनला वाटलं, आता तरी निवांत बघावं. बघत होती, पण जे आधी दिसत होतं तेवढंच आता दिसत नव्हतं. त्या चमचा उचलण्यात, त्या हसण्यात काय काय दडलेलं होतं ते तिला ठाऊक झालं होतं. जाळीच्या टोपीतली म्हातारी, ते तीन भाऊ, ह्यांच्या अस्तरात काय असेल, असं मनात आलं आणि तिने नजर ताटाकडे वळवली.

जेवण आटपल्यावर मस्यू रव्हॉल ओव्हरकोट आणायला गेले. मादाम रव्हॉल हातमोजे चढवत थेट ब्लांदीनच्या टेबलाशी आली. बसली नाही.

"एक विचारते. खरं सांगा. त्याला वाटलं हृदय आहे, हो ना?"

ब्लांदीनने काटा खाली ठेवला. शब्द दिलेला होता.

"मला कपड्यांतलं कळतं, मादाम," ती म्हणाली.

मादाम रव्हॉलने मान डोलावली. डाव्या मोज्याचं बटण लावायला तिला जमेना. तिने दोनदा प्रयत्न केला. "पावाला हात घातला तेव्हाच मी ओळखलं. त्याच्या वडिलांचं मला ठाऊक आहे. म्हटलं, मी घाबरलेली दिसले तर तो आणखी घाबरेल. म्हणून मीठ मागून घेतलं नाही, स्वतः उचललं. हात रिकामा राहिला असता तर थरथरला असता." ती थांबली. "तो मासा कसा होता ते मला ठाऊक नाही. तुमचा कसा आहे?"

"चांगला आहे. मीठ थोडं कमी आहे."

"हां," मादाम रव्हॉल म्हणाली. ब्लांदीनने हात पुढे करून तिच्या मोज्याचं बटण लावून दिलं.

दारात मस्यू रव्हॉल दोघांचे ओव्हरकोट घेऊन उभे होते. त्यांनी बायकोच्या खांद्यांवर कोट चढवला, कॉलर नीट केली, गास्पारने दार उघडलं आणि ती दोघं नदीकाठच्या उन्हात गेली. फुटपाथवरून जाणारी दोन माणसं थांबून त्यांच्याकडे बघू लागली. ब्लांदीन खिडकीतून पाहत राहिली, ती झाडांमागे दिसेनाशी होईपर्यंत.

"गोड काही घेणार, मादाम?" गास्पारने विचारलं.

तिने बहिणीची टोपी सरळ केली. "काय आहे?"